अदलाबदलीचा खेळ

टिक् करून बटण फरशीवर पडलं आणि घरंगळत शिलाई मशीनखाली गेलं. ती बोटांकडे बघत राहिली. उजवा अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट, दोघं जन्माचे शेजारी, पण अपघातापासून त्यांचं पटत नव्हतं. बटण चिमटीत धरायला जावं तर ऐन वेळी एकानं अंग काढून घ्यायचं.

"मी काढते," म्हणत मुंगी मशीनखाली सरपटली. मुंगी म्हणजे तिची मुलगी. पहिलीतली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून आत्यानं मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. मुंगीनं बटण शोधलं, फ्रॉकला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. आईच्या हातात नाही, टेबलावर.

हे तिच्या लक्षात येऊन बरेच दिवस झाले होते. मुंगी आता तिच्या हातात हात देत नसे. रस्त्यानं जाताना पिशवीचा बंद धरायची. पहिल्यांदा वाटलं, हाताला प्लास्टर आहे म्हणून भीत असेल. मग प्लास्टर निघालं. बंद काही सुटला नाही.

"बसलीस परत ते बटण घेऊन?" स्वयंपाकघरातून नणंद आली. अपघातानंतर मदतीला म्हणून चार दिवसांसाठी आली होती, आता तिची उशीसुद्धा ठरलेली होती. "डॉक्टर काय म्हणाले? दुसरं ऑपरेशन झाल्याशिवाय चिमूट येणार नाही. मग कशाला हाताशी भांडतेस?"

"ताई, बटणं लावायला आलेले ड्रायक्लीनरचे कपडे तसेच परत पाठवायचे तरी किती? उद्या तो दुसरी बाई बघेल."

"बघू दे. भरपाई मिळाली की ऑपरेशन, ऑपरेशन झालं की बटणं. आधी वकीलबाईंकडे जा आणि सगळं नीट आठवून सांग."

आठवून सांग. जणू आठवण कपाटात आहे आणि ही आळस करतेय.

तिला आठवत होतं ते असं. शाळेच्या फाटकापाशी तिनं मुंगीची पाण्याची बाटली घेतली. झाकण सैल होतं, तिची बोटं ओली झाली. त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत, त्यावर काढून टाकलेल्या पंख्याचा हूक, आणि कुणीतरी म्हणतंय, मुलगी बरी आहे हो, मुलीला काही झालं नाही. मधलं सगळं कात्रीनं कापून काढल्यासारखं.

आणि त्या भोकाला ज्यानं त्यानं आपापलं ठिगळ लावलं होतं. नवरा म्हणायचा, रस्ता ओलांडताना तुम्ही दोघी पांढऱ्या पट्ट्यांवर होतात. नणंद म्हणायची, फोन बघत चालली असशील. कोपऱ्यावरचा किल्लीवाला नवऱ्याला सांगायचा, सिग्नलचा दिवा त्यांचाच होता. ऐकून ऐकून तिला सगळंच दिसायला लागलं होतं. धावत येणारी मालाची पांढरी गाडी तर इतकी स्पष्ट दिसे, की पुढच्या पत्र्याचा पोचासुद्धा तिनं नवऱ्याला वर्णन करून सांगितला.

"निळी आहे गं," तो म्हणाला. "पोलीस चौकीच्या आवारात उभी होती. मी स्वतः बघितली."

"निळी?"

"निळीभोर."

मग नणंद ओशाळून हसली. तिच्या ओळखीत कुणाला तरी फार पूर्वी पांढऱ्या गाडीनं उडवलं होतं, ती गोष्ट तिनं हॉस्पिटलात उशापाशी बसून रंगवून सांगितली होती.

शिवणात असं होत नाही, हिला वाटलं. कितीही सफाईनं परत टीप घाला, जुन्या सुईची भोकं उजेडात धरली की दिसतात. मूळची शिवण कुठली आणि नंतरची कुठली, ते कापड सांगतं. डोकं उजेडात कसं धरायचं, हे तिला माहीत नव्हतं.

*

मोफत कायदा मदतीची खोली पोस्टाच्या वर होती. खोलीत दोन टेबलं, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि खिडकीत एक रोप. त्याला जो येईल तो पाणी घालायचा, त्यामुळे ते कुजायला आलं होतं. वकीलबाई हिच्याहून फार मोठ्या नसाव्यात. चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधायच्या.

"घ्या, बसा. हात टेबलावर ठेवा, लोंबकळत ठेवू नका, सुजतो. माझ्या आईचा असाच होता," त्या म्हणाल्या. "आता ऐका. गाडीच्या विमा कंपनीचं उत्तर आलंय. त्यांचं म्हणणं, तुम्ही पट्ट्यांवर नव्हताच. दिवा गाड्यांना हिरवा असताना एकदम रस्त्यात उतरलात. मुलगी पुढे, तुम्ही मागे."

"मुलगी पुढे?"

"ड्रायव्हर म्हणतो तसं. तो काय हो! मागे एका खटल्यात ड्रायव्हरनं सांगितलं होतं, भिंतच वळणावर अचानक आडवी आली." त्या स्वतःच हसल्या, मग गंभीर झाल्या. "चूक थोडी तुमची निघाली तरी दावा बुडत नाही. जेवढी चूक, तेवढी भरपाई कमी. पण कमी होत होत ती हाताच्या ऑपरेशनलाही पुरली नाही, तर काय उपयोग? म्हणून सांगा. पाऊल टाकायचं कुणी ठरवलं? तुम्ही की तिनं?"

खाली पोस्टात कुणीतरी शिक्के मारत होतं, धप्, धप्.

"मला आठवत नाही."

"बरं. मग तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत शुद्धीवर असलेलं तुमच्या बाजूचं माणूस एकच. तुमची मुलगी." वकीलबाईंनी आवाज खाली आणला. "लहान मुलांना कोर्टात फार ताणत नाहीत. दोन-चार प्रश्न, गोडीगुलाबीनं. पण माझी एक अट आहे. तिला काही शिकवायचं नाही. मुलाला आपण एक शब्द दिला ना, की तो त्याचाच होऊन बसतो. मग खरं कुठलं आणि आपण घातलेलं कुठलं, ते कुणाच्या बापाला निवडता येत नाही. तुम्ही स्वतःच सांगितलंत ना मला, ती पांढरी गाडी!"

"हो."

"एक शब्दही नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि जिना उतरली. पण एक गोष्ट तिनं वकीलबाईंना सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही, नणंदेला तर नाहीच नाही.

*

ती गोष्ट म्हणजे एक खेळ होता. दोघींचा.

शाळा सुटली की कधीकधी मुंगी फाटकातून येतानाच ओरडायची, "अदलाबदल! आज मी आई!" मग दप्तर मुंगीच्याच पाठीवर राहायचं, कारण ती आई, आणि बाटली हिच्या हातात, कारण ही बाळ. रस्ताभर हिनं भुणभुण करायची, पाय दुखतात, तो लाल फुगा घे ना, उचलून घे ना. मुंगी डोळे वटारायची, "बाळा, घरी चल, मग बघते तुझ्याकडे!" हुबेहूब हिचाच सूर. आपण एवढ्या कर्कश आहोत हे तिला या खेळातच कळलं. रस्ता आला की मुंगी तिचा हात घट्ट धरायची, उजवीकडे बघायची, डावीकडे बघायची, आणि म्हणायची, "चल बाळा." बाळानं थोडा हट्टही करायचा असे. थांब म्हटलं की पुढे ओढायचं, चल म्हटलं की बसकण मारायची. त्यातच मुंगीला सगळ्यात जास्त हसू येई.

अर्थात मुंगीच्या डोक्यावरून हिची नजर रस्त्यावर असायचीच. प्रत्येक वेळी असायची. असायचीच ना?

त्या दिवशी खेळ चालला होता का, हे तिला आठवत नव्हतं. बाटली तिच्या हातात होती, म्हणजे असेल. पण मुंगी दमलेली असली की बाटली एरवीही तीच घ्यायची, म्हणजे नसेल. मुंगीला विचारलं की एका वाक्यात उलगडा. पण विचारायचं म्हणजे काय विचारायचं? तूच म्हणालीस का गं मला, चल? पहिलीतल्या पोरीच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवायचं, आणि मग तिला आयुष्यभर हा वाकडा अंगठा बघत बसू द्यायचं?

*

संध्याकाळी जेवताना नवऱ्यानंच विषय काढला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट योग्य बटण दाबलं की वर जाते, असा त्याचा समज होता.

"मुंगे, सांग बघू. तू आणि आई कुठून चालत होतात?"

"रस्त्यावरून."

"रस्त्यावरून बरोबर, पण पांढऱ्या पट्ट्यांवरून ना?"

"पांढऱ्या पट्ट्यांवरून," मुंगी म्हणाली.

"शाब्बास! आणि गाडी कुठल्या रंगाची होती?"

मुंगीनं बापाच्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुला कुठली हवी?"

नणंदेला ठसका लागला. हसावं की काय करावं ते तिलाही कळेना. हिनं मात्र ताट पुढे सरकवलं.

"तिला शिकवू नका म्हटलंय ना तुम्हाला!"

"शिकवतोय कुठे? आठवण करून देतोय. पट्ट्यांवरच होतात तुम्ही, किल्लीवाल्यानं बघितलंय."

"तुम्ही होतात का तिथे?"

"मी कशाला असेन? लिफ्टमध्ये होतो." तो दुखावला. "अगं, तुझ्या हातासाठीच करतोय ना? हौस आहे का मला?"

त्याचं खरं होतं. हेच तर सगळ्यात वाईट होतं, की प्रत्येकाचं खरं होतं. तिनं ताट परत जवळ ओढलं आणि चमचा डाव्या हातात घेतला. मुंगी शांतपणे जेवत होती. जेवता जेवता पुटपुटत होती, "पांढऱ्या पट्ट्यांवरून. पांढऱ्या पट्ट्यांवरून."

*

दुसऱ्या दिवशी मुंगी शाळेत असताना ती एकटीच कोपऱ्यावर गेली. अपघातानंतर त्या चौकात ती पहिल्यांदाच येत होती. इतके दिवस नणंद मुंगीला लांबच्या रस्त्यानं नेत-आणत होती. चौक अगदीच साधा निघाला. पांढऱ्या पट्ट्या कुठे ठळक, कुठे पुसट. तिला वाटलं होतं, बघितल्यावर काहीतरी आठवेल. काही नाही. नुसत्या गाड्या जात होत्या.

किल्लीवाला त्याच्या खोक्याएवढ्या टपरीत मान खाली घालून किल्ली घासत होता. तिला बघताच त्यानं यंत्र बंद केलं.

"या ताई! हात कसा आहे? परवाच फळवालीला म्हणत होतो, ताई काही दिसल्या नाहीत."

"बरा आहे. काका, तुम्ही पोलिसांना सांगितलंत ना, आम्ही पट्ट्यांवर होतो?"

"सांगितलं की. छातीठोक सांगितलं."

"तुम्ही बघितलंत?"

त्यानं किल्लीवर फुंकर मारली. पितळेची पूड उडाली. मग दुसऱ्या बाजूनं फुंकर मारली, तिथे काहीच नव्हतं तरी.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? मान खाली होती माझी. आवाज झाला तेव्हा वर बघितलं. तोवर तुम्ही खाली, पोरगी उभी, गाडी तिरकी."

"मग पट्ट्या?"

"फळवाली म्हणाली, पट्ट्यांवर होत्या म्हणून."

"तिनं बघितलं का?"

"तेच तर! परवा मी तिला विचारलं, बाई, तुला कुणी सांगितलं? तर म्हणते, तुम्हीच की!" त्यानं कपाळावर हात मारला. "माणसं येऊन येऊन विचारतात हो, ताई. पोलीस विचारतात, गिऱ्हाईक विचारतात. काहीच बघितलं नाही म्हणायचं तर आपण इथे बसतो कशाला, असं वाटतं."

तिला रडू यावं तसं हसू आलं. म्हणजे ज्या खुंटीला सगळं टांगलं होतं, ती खुंटी भिंतीत नव्हतीच. ती वळली. तेवढ्यात मागून तो म्हणाला, "ऐकलं मात्र एक."

"काय?"

"ब्रेकच्या आवाजाआधी. यंत्र चालू होतं, पण ऐकलं. कुणीतरी ओरडलं, थांब बाळा. बारीक आवाजात."

ती परत टपरीकडे वळली. "बाईचा आवाज होता?"

"बारीक म्हणजे बारीक. बाईचाही असेल, पोरीचाही असेल." मग तो स्वतःच हसला. "पण पोरगी कशाला कुणाला बाळा म्हणेल? तुमचाच असणार."

ती हसली नाही. टपरीच्या कडेला धरून उभी राहिली.

आजवर तिला एकच धास्ती होती, की मुंगी "चल" म्हणाली असेल. आता हे नवीनच. थांब बाळा. ही जर त्या दिवशी नेहमीची आई असेल तर मुंगी हात सोडून पुढे पळाली असणार, आणि ही तिच्या मागे ओरडत धावली असणार. म्हणजे ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. आणि जर अदलाबदल असेल, तर बरोबर बघून, बरोबर वेळेला थांब म्हणाली ती मुंगी. आणि बाळानं, खेळातल्या हट्टी बाळानं, मुंगीला हसू यावं म्हणून पाऊल पुढे टाकलं.

दोन्ही तिला डोळ्यांसमोर दिसलं. अगदी स्पष्ट. त्या पांढऱ्या गाडीइतकंच.

*

आठवड्याच्या शेवटी ती मुंगीला घेऊन वकीलबाईंकडे गेली. मुंगीला बाहेरच्या बाकावर बसवलं, हातात रंगीत खडू दिले, आणि आत जाऊन सगळं सांगून टाकलं. खेळ, बाटली, किल्लीवाला, थांब बाळा, जेवताना नवऱ्यानं घेतलेली उजळणी. सांगताना कुठेही थांबली नाही, थांबली असती तर पुढचं निघालं नसतं.

वकीलबाईंनी डोक्यावरचा चष्मा काढला, पुसला, परत डोक्यावर ठेवला.

"हे मला कळायला हवं होतं की नको होतं, तेच मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "म्हणजे हवंच होतं. पण..."

"तिला बोलवायचं नाही," ती म्हणाली. "मुंगीला साक्षीला आणायचं नाही."

"आणि किल्लीवाला?"

"त्यानं बघितलेलं नाही."

"मग उरलं काय आपल्याकडे?" वकीलबाई मागे रेलल्या. "तुम्ही कोर्टात काय सांगणार?"

"बाटलीचं झाकण सैल होतं. माझी बोटं ओली झाली. इथपर्यंत. खेळाचं विचारलं तर सांगेन, असा एक खेळ होता. त्या दिवशी होता का, माहीत नाही."

वकीलबाईंनी फाईल ओढून पोलिसांचे कागद चाळले.

"टायरच्या खुणा आहेत," त्या म्हणाल्या. "गाडी किती जोरात होती ते त्यावरून काढता येतं. शाळेजवळ तेवढा वेग चालत नाही. मी त्यावर भांडेन. तुम्ही कुठेही चाललात तरी त्यानं तुम्हाला उडवावं असा काही कायदा नाही."

"ऑपरेशन होईल?"

"तेवढी भरपाई मिळेलही. अर्धीही मिळेल. खोटी आशा लावत नाही." मग त्यांनी टेबलावरून हात पुढे करून तिचा वाकडा अंगठा हलकेच सरळ केला, आपल्या आईचा करत असतील तसा. "आणि घरी तुमच्या मिस्टरांना सांगा, पोरीची ती शिकवणी बंद करा म्हणावं. तुम्हीही तिला काही सांगायचं नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. अट कायम."

"कायम," ती म्हणाली.

बाहेर मुंगीनं एक रस्ता काढला होता. रस्त्यावर पट्ट्या होत्या, पट्ट्यांवर गाडी होती आणि गाडी अर्धी निळी, अर्धी पांढरी होती. माणसं कुठेच नव्हती.

"माणसं?" तिनं विचारलं आणि जीभ चावली.

"अजून ठरलं नाही," मुंगी म्हणाली आणि कागदाची गुंडाळी केली.

दोघी निघाल्या. मुंगीनं पिशवीचा बंद धरला. आज ती मुंगीला घेऊन लांबच्या रस्त्याला वळली नाही. कधीतरी त्या चौकातून जायलाच हवं होतं, आणि नणंदेच्या हाती सोपवण्यातलं ते काम नव्हतं. किल्लीवाल्याचं यंत्र किरकिरत होतं. फळवालीनं लांबूनच मान हलवली.

पट्ट्यांपाशी येऊन त्या थांबल्या. समोर चालणाऱ्यांसाठी लाल दिवा होता. गाड्या सटासट जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर पिशवीच्या बंदाला हिसका बसत होता. तिनं खाली बघितलं. मुंगी उजवीकडे बघत होती, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. ओठ मिटलेले होते. चल नाही, थांब नाही.

तिनं आपला हात खाली सोडला. तो अर्धवट हात, चिमूट न येणारा. उघडा ठेवला, मागितला नाही.

दिवा हिरवा झाला. गाड्या थांबल्या. आजूबाजूची माणसं चालायला लागली, एक म्हातारा त्यांना वळसा घालून पुढे गेला. दोघी जागच्या हलल्या नाहीत. पिशवीचा बंद सैल झाला, आणि तिच्या तळव्यात खडूनं माखलेली छोटी बोटं आली. आली, आणि तिच्या अंगठ्यापाशी अडखळली. तो कसा धरायचा हे आता त्यांना ठाऊक नव्हतं.

"आई," मुंगी समोर बघतच म्हणाली.

"काय बाळा?"

हा शब्द तोंडातून निसटला तसा मुंगीनं झटकन मान वर केली. तिचा चेहरा असा गोंधळलेला होता की आरशात बघतोय असं तिला वाटलं. एक शब्द द्यायचा, फक्त एक, आणि हे पोर मोकळं होईल. किंवा तोच शब्द जन्मभर घेऊन फिरेल. तो खरा असेल की नाही, हे तर तिलाही माहीत नव्हतं.

"त्या दिवशी," मुंगीनं विचारलं, "आई कोण होतं? तू, की मी?"